अटकळ चुकली तर भुर्दंड कुणाला?

अवसरी बुद्रुक मंचरपासून फार लांब नाही. शेजारी अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, उत्तरेला जुन्नर तालुक्यात खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, आणि मधल्या साऱ्या रानात ऊस, कांदा, बटाटा. अशा गावात विज्ञानातल्या अटकळींवर वाद निघाला तर तो पुस्तकात राहत नाही, बांधावर येतो. पुढचा संवाद मी दोघांच्या तोंडी घातला आहे. काका आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेत आणि आता शेती बघतात. त्यांची पुतणी अवसरी खुर्दला अभियांत्रिकी शिकली आणि पुण्यात सेन्सरच्या कामात आहे. माणसं कल्पित आहेत, त्यांनी दिलेले दाखले खरे.

काका : गणितात अटकळीला किंमत शून्य. पोरं म्हणायची, सर, दहा उदाहरणांत जमलं, म्हणजे नियम खरा. मी म्हणायचो, अकरावं करून बघ. सिद्धता दिलीस तर खरं, नाहीतर ते तुझं मत. मतावर गणित चालत नाही.

पुतणी : पण ते अकरावं करून बघायला माणूस उठतो कशासाठी? कुणीतरी आधी काहीतरी ठामपणे म्हणून ठेवलेलं असतं, म्हणूनच ना?

काका : म्हणून ठेवलेलं असतं आणि मग पिढ्यान् पिढ्या त्यात अडकून पडतात. ऑयलरचंच घे. सहा पलटणी, प्रत्येकीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे सहा अधिकारी, एकूण छत्तीस. त्यांना सहा बाय सहाच्या चौकोनात असं उभं करायचं, की कुठल्याही आडव्या किंवा उभ्या ओळीत एक पलटण दोनदा येऊ नये आणि एक हुद्दाही दोनदा येऊ नये. ऑयलरला ते जमेना. इथवर ठीक. पण १७८२ साली छापलेल्या लेखात त्यानं पुढची उडी मारली : सहालाच नाही, दहा, चौदा, अठरा, बावीस, चारनं भागून दोन उरतात अशा कुठल्याच संख्येला हे जमणार नाही. सिद्धता नाही. नुसती अटकळ. आणि ऑयलरचं नाव एवढं मोठं, की लोकांनी ती जवळजवळ सिद्धांत म्हणूनच धरली.

पुतणी : सहाचं खरं निघालं की.

काका : निघालं. १९०० च्या सुमारास गास्तों तारी या फ्रेंच माणसानं सगळ्या शक्यता गटागटांनी लावून हातानं तपासल्या. संगणक नाही, काही नाही. ते काम मला मान्य आहे. पण १९२२ साली मॅकनिश नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं उरलेल्या सगळ्या संख्यांसाठी ‘सिद्धता’ छापली आणि ती चुकीची होती. कशी काय खपली? उत्तर काय यायचं हे सगळ्यांच्या मनात आधीच ठरलेलं होतं, म्हणून. हा अटकळीचा खरा दोष. ती डोळ्यांवर झापड बांधते.

पुतणी : पण त्याच मॅकनिशनं आणखी एक गोष्ट केली. कुठल्याही संख्येसाठी पलटणींचा एक, हुद्द्यांचा एक असे एकमेकांशी जुळणारे चौरस जास्तीत जास्त किती मिळतील, याचा त्यानं एक हिशेब मांडला. तोही अटकळच. पण त्यातून प्रत्येक संख्येसाठी एक आकडा निघत होता. एकविसाला त्याच्या हिशेबानं दोनच चौरस मिळायला हवे होते. पार्कर नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं एकविसासाठी जास्त बांधून दाखवले. तिथं चीर पडली, आणि लगेच बोस आणि श्रीखंडे यांच्या मनात आलं, की मग ऑयलरचंही खरं कशावरून? दोघांनी बाविसाचा चौरस उभा केला. पार्करनं दहाचा. आणि तिघांनी मिळून दाखवलं, की सहाच्या पुढं ऑयलरची अटकळ कुठंच टिकत नाही. १९५९ साल. मॅकनिशनं नुसतं ‘जमणार नाही’ म्हटलं असतं, तर पार्करला हात घालायला जागाच नव्हती.

इथे मला थोडं थांबायचं आहे. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ चा, शिक्षण नागपुरात, पुढे अमेरिकेत राजचंद्र बोस यांच्याकडे संशोधन. एप्रिल १९५९ मध्ये या तिघांची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली. नंतर मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे ते प्रमुख झाले आणि २०२० साली, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी गेले. १७७ वर्षं उभी असलेली ऑयलरची अटकळ पाडणाऱ्या तिघांत एक मराठी माणूस होता, हे आपल्या शाळांतल्या किती मुलांना ठाऊक आहे? रामानुजन सगळ्यांना माहीत आहेत आणि ते योग्यच आहे. पण श्रीखंड्यांचं कोडं पाचवीच्या मुलालासुद्धा पाटीवर मांडून देता येतं. शिवाय त्याची एक वाट थेट शेतात जाते. वाणांच्या चाचण्या घेताना जमिनीच्या कसातला फरक निकालात मिसळू नये, म्हणून वाफे लॅटिन चौरसात मांडतात. प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या ओळीत प्रत्येक वाण एकदाच.

काका : मान्य. पण त्यात नुकसान कुणाचं झालं? ऑयलरचं नाही, मॅकनिशचं थोडं नाव गेलं असेल. कागद आणि वेळ. बस्स. तुझ्या बोरीचंही तसंच.

पुतणी : कुकडीकाठची राख?

काका : तीच. बोरीला नदीच्या काठी ज्वालामुखीची राख सापडली, जवळ दगडाची हत्यारं. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी आधी वय काढलं चौदा लाख वर्षं. मग दुसऱ्या पद्धतीनं आलं सहा लाख सत्तर हजार. आणखी काही जण म्हणाले, ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या शेवटच्या महास्फोटाची, म्हणजे फक्त पंचाहत्तर हजार वर्षांची. एकच राख आणि वयात अठरापट फरक!

पुतणी : फरक पडला तो का पडला, यावरच तर सगळं काम झालं. राखेतले काचेचे कण, त्यांची रासायनिक जडणघडण, नदीनं राख उचलून दुसरीकडे टाकली का, हत्यारं राखेबरोबरची की आधीची. टोबाचे जुने स्फोटही आहेत, त्यातला एक जवळजवळ आठ लाख वर्षांमागचा. ‘ही राख कुठल्या स्फोटाची’ हा प्रश्न पहिल्या चुकलेल्या वयातूनच नीट पुढं आला.

काका : येऊ दे की. मला काहीच त्रास नाही त्याचा. लाखभर वर्षं इकडची तिकडं झाली म्हणून बोरीच्या कुणाचा कांदा सडला नाही. तिथं हवी तेवढी धाडसी अटकळ बांधा. माझं भांडण आहे ते जिथं दुसऱ्याच्या जिवावर अंदाज बांधतात तिथं.

पुतणी : म्हणजे खोडद?

काका : खोडदपासूनच बोलू.

खोडदबद्दल बोलताना तिथल्या तीस तबकड्यांचं कौतुक आपण करतो, पण त्या कुठल्या अटकळीवर उभ्या राहिल्या याची चर्चा फारशी होत नाही. ती व्हायला हवी, कारण इतकी स्वच्छ कथा क्वचित मिळते. आणि ती पुतणीकडूनच ऐकावी.

पुतणी : गोविंद स्वरूप यांनी १९८० च्या दशकात ही दुर्बीण मांडली, तेव्हा डोळ्यांसमोर ठळकपणे दोन गोष्टी होत्या. एक, रशियन शास्त्रज्ञ झेल्दोविच यांची कल्पना : विश्वात आधी वायूचे अवाढव्य थर तयार झाले आणि मग त्यांचे तुकडे पडून दीर्घिका झाल्या. तसं असेल तर त्या थरांतल्या हायड्रोजनच्या एकवीस सेंटिमीटर लाटा, विश्व पसरत गेल्यानं ताणल्या जाऊन, आपल्यापर्यंत येताना नव्वद सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही लांब झालेल्या असणार. म्हणून मीटरच्या मापातल्या लाटा ऐकणारी दुर्बीण हवी. दुसरी गोष्ट पल्सार. अतिशय वेगानं फिरणारे तारे, घड्याळासारखे अचूक. ते शोधायचे आणि वर्षानुवर्षं त्यांचे ठोके मोजायचे, की गुरुत्वीय लहरींचा माग लागेल.

काका : आणि ते थर सापडले?

पुतणी : नाही. विश्व घडलं ते उलट्या क्रमानं, असंच आज मानतात. आधी लहान, मग मोठं. झेल्दोविच यांच्या चित्रातले थर खोडदला कधीच दिसले नाहीत.

काका : म्हणजे एवढा सरकारी पैसा चुकीच्या अंदाजावर.

पुतणी : अंदाज चुकला, दुर्बीण नाही चुकली. हाच स्वरूप सरांचा मोठेपणा आहे, काका. तबकडी बघितलीत ना? पंचेचाळीस मीटर व्यास, पण भरीव पत्रा नाही. स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी, दोरांवर ताणून धरलेली. लाट मीटरभर लांब असेल तर तिच्या लेखी बोटभर भोकांची जाळीही सपाट आरसाच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त. अशा तीस तबकड्या, चौदा मध्यभागी, सोळा तीन दिशांना पसरलेल्या, पंचवीसेक किलोमीटरच्या विस्तारात. हे सगळं झेल्दोविच यांच्यावर अवलंबून नव्हतं. ते खरे ठरले असते तरी उपयोगी, खोटे ठरले तरी उपयोगी. २०२० मध्ये ७,६५३ दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र करून सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन तिथंच मोजला. आणि २०२३ च्या जूनमध्ये भारतीय आणि युरोपीय चमूंनी पल्सारच्या ठोक्यांवरून अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा मांडला, त्यात खोडदची मोजमापं होती. दोनातली एक अटकळ पडली, दुसरी चाळीसेक वर्षांनी फळली.

काका : फळली, आनंद आहे. पण खर्च फक्त अणुऊर्जा खात्यानं नाही केला. पुणे-नाशिक रेल्वे नारायणगावमार्गे आखली होती. मंचरचा, चाकणचा, संगमनेरचा माणूस किती वर्षं वाट बघतोय तिची. दुर्बिणीला त्रास होईल म्हणून तो मार्ग अडला. आमचा कांदा अजून टेम्पोतच. ही वर्गणी आम्हाला न विचारता घेतली की नाही?

पुतणी : घेतली.

काका : एवढंच?

पुतणी : एवढंच. रेडिओ शांतता हवी म्हणून ही जागा निवडली, डोंगरांचा आडोसा आहे म्हणून निवडली. विद्युत रेल्वेच्या ठिणग्या आणि सिग्नल त्या शांततेत नको, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण बदल्यात तालुक्याला काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी आणि सरकारनं स्वतःहून मांडायला हवा होता. तो तुम्हाला मांडावा लागतोय, यात आमच्याकडून कमी पडलं.

पुतणीच्या या कबुलीशी मी सहमत आहे, पण काकांच्या ‘चुकीच्या अंदाजावर पैसा’ या वाक्याशी नाही. खोडदला अंदाज उघडपणे अंदाज म्हणून मांडला गेला, तो खोटा ठरण्याची सोय यंत्रातच होती, आणि खोटा ठरल्यावर कुणी लपवला नाही. खरी दुखरी जागा वेगळी आहे. काका तिच्याकडेच निघाले होते.

काका : आता बिबट्या. आपल्याकडे थ्री फेज लाइट रात्रीची असते. उसाला पाणी द्यायला बारा वाजता बॅटरी घेऊन मी जातो, तुझे सेन्सर जात नाहीत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी काय चाललं होतं आठव. बिबट्या म्हणजे जंगलातला प्राणी, वाट चुकून उसात आलेला. पिंजरा लावा, धरा, नेऊन जंगलात सोडा. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं होतं. आणि झालं काय?

पुतणी : वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर तेच मोजलं. जुन्नर भागात आधी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले व्हायचे. मोठ्या प्रमाणावर बिबटे धरून सरासरी चाळीसेक किलोमीटरवर सोडायला लागल्यावर ते सतरावर गेले. आणि हल्ल्यांतले जिवावर बेतलेले अठरा टक्क्यांवरून छत्तीस टक्क्यांवर.

काका : चाराचे सतरा. ते आकडे नाहीत, ती माणसं आहेत. आता सांग, अटकळीची महती.

पुतणी : काका, तिथं अटकळ होती असं कुणी म्हटलंच नाही, हाच तर घोटाळा. ‘बिबट्या जंगलातला’ हे सगळ्यांना माहीत असलेलं सत्य म्हणून धरलं. अटकळ म्हटली असती, तर पहिल्या दहा बिबट्यांना सोडतानाच कुणीतरी विचारलं असतं, की हे चुकीचं असेल तर आपल्याला कशावरून कळेल? खूण केली असती, पट्टा बांधला असता, हल्ल्यांची नोंद शेजारी ठेवली असती. सहा महिन्यांत थांबलं असतं.

काका : नाव बदललं म्हणून बिबट्या थोडाच बदलतो.

पुतणी : नाव बदललं की वही उघडली जाते. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक नर काढला, जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. तो चालत चालत थेट मुंबईला, बोरिवलीच्या उद्यानापर्यंत गेला. शंभर-सव्वाशे किलोमीटर. त्यावरच ‘आजोबा’ सिनेमा निघाला. सोडलेला बिबट्या सोडल्या जागी राहतो, ही समजूत त्या एका पट्ट्यानं हलवली. मग अकोले तालुक्यात कॅमेरे लावले. जंगल नाही, हरणं नाहीत, चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं, आणि शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच बिबटे. खाणं काय? मुख्यतः पाळीव जनावरं, त्यातही वजनानं सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, एकोणचाळीस टक्के. तो वाट चुकलेला नव्हता. तो इथलाच होता.

काका : हल्ले का वाढले मग?

पुतणी : अनोळखी मुलखात सोडल्याचा ताण, माणसांनी पकडल्याची भीती, असं म्हणतात. वाढले हे पक्कं. कारणाबद्दल मात्र अजून तर्कच आहे.

काका : बरं. ‘तो इथलाच’ हे कळून मला काय मिळालं? बारा वाजता मी उसात आहे आणि तोही आहे.

पुतणी : दिवसा लाइट मिळायला हवी, हे मिळायला हवं होतं. बिबट्या पाहुणा असता तर पिंजरा पुरला असता. तो रहिवासी असेल तर तुम्ही रात्री रानात जाताच का, हा प्रश्न पहिला येतो. या संशोधनातून निघणारी सर्वांत महत्त्वाची मागणी महावितरणकडे जाते. गावं ती किती वर्षं करतायत.

या ठिकाणी माझा कल काकांकडे झुकतो, आणि पुतणीकडेही. श्रीखंडे, स्वरूप, बोरीची राख, बिबट्या : चारही ठिकाणी आधी अटकळच होती आणि तिच्याशिवाय पाऊल पडलं नसतं. पण ऑयलरच्या चुकीचा भार गणितज्ञांच्या वेळेवर पडला, बिबट्याबद्दलच्या चुकीचा उसात पाणी धरणाऱ्यावर. धाडसाची मुभा दोन्हीकडे सारखी असू शकत नाही. ज्याच्या अंगावर चूक येणार, त्याला आधी सांगितलं पाहिजे की हा अंदाज आहे, आणि तो खोटा ठरतोय का हे तपासण्याच्या कामात त्यालाही घेतलं पाहिजे. वन खात्यात तळमळीनं काम करणारी माणसं आहेत, मी त्यांना दोष देत नाही. बिबट्या जंगलातला ही समजूत तर आपल्या सगळ्यांचीच होती.

काका : आता नवीन काय? जुन्नर वन विभागात सौर यंत्रं बसवलीत. हालचाल दिसली की भोंगा वाजतो, दिवे लागतात. कुठं एआयचे कॅमेरे. नसबंदीचंही बोलतात. हे सगळं सिद्ध झालेलं, की पुन्हा अटकळ?

पुतणी : अटकळ. भोंग्यानं बिबट्या बिचकतो हे खरं, पण किती दिवस? सवय झाली की तो भोंग्याखालूनही जाईल, अशी मला धास्ती आहे. कुत्रं गेलं तरी वाजतो, मग माणसं लक्ष देत नाहीत. आमच्या कामात दोन चुका मोजतात : नसताना वाजला, आणि असताना वाजला नाही. पहिली यंत्रात नोंदली जाते. दुसरी यंत्राला कधीच कळत नाही. ती फक्त वस्तीवरच्या माणसाला कळते. सकाळी पायाचे ठसे दिसतात, शेळी गेलेली असते, आणि भोंगा रात्रभर गप्प.

काका : आणि त्या माणसाला कुणी विचारत नाही.

पुतणी : नाही विचारत. तुम्ही नोंद ठेवाल? तारीख, वेळ, भोंगा वाजला का, ठसे होते का, लाइट कितीला आली. वर्षभर.

काका : मी एकट्यानं ठेवून काय होणार? दहावीच्या पोरांना लावतो, वस्तीगणिक एक. पण एक अट. आकडे तुमच्या बाजूनं नाही आले, तरी ते ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचे, आणि तू स्वतः येऊन वाचायचे.

पुतणी : येईन. फक्त रकाने मी आखून देणार.

काका : रकाने मी आखणार. पोरांना भरायला सोपे कसे पडतील ते मला कळतं. तू नंतर बेरीज कर.